मूत्राशय काढल्यानंतरचा मूत्रमार्गाचा कर्करोग

कर्करोगामुळे संपूर्ण मूत्राशय काढल्यावर मागे राहिलेल्या मूत्रमार्गात उद्भवणारी गाठ. मूत्रपिंडापासून मूत्रमार्गाच्या सुरुवातीच्या भागापर्यंत आतले अस्तर एकाच जातीचे असते आणि ते सगळेच रोगप्रवण झालेले असू शकते. म्हणून मूत्राशय गेले तरी धोका पुरता टळत नाही. प्रमाण १०० पैकी १० हून कमी; बहुतेक गाठी पहिल्या २ वर्षांत दिसतात. पुरुषांत प्रोस्टेटमध्ये शिरलेला रोग, तर स्त्रियांत मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली गाठ ही धोक्याची मुख्य कारणे.

पोटावरच्या छिद्रातून लघवी पिशवीत जात असेल, तर मूत्रमार्ग वापरातच नसतो. अशा वेळी अंतर्वस्त्रावर दिसलेला रक्ताचा डाग किरकोळ समजू नये, संकोचाने लपवू तर मुळीच नये. सलाइनने मार्ग धुऊन त्या द्रवातील पेशी तपासतात, दुर्बिणीने आत पाहतात.

आतड्याचे नवे मूत्राशय मूत्रमार्गाला जोडायचे असल्यास कापलेल्या कडेचा तुकडा शस्त्रक्रिया चालू असतानाच गोठवून तपासला जातो. गाठ आढळल्यास बहुधा मूत्रमार्ग काढावा लागतो. रोग अस्तरापुरताच असेल, तर निवडक रुग्णांत बीसीजी औषध मूत्रमार्गात सोडून तो वाचवता येतो.