मुख्य प्रशिक्षक बदलाचा खर्च (फुटबॉल)

फुटबॉल संघाच्या मुख्य प्रशिक्षकाला कराराची मुदत संपण्यापूर्वी पदमुक्त करताना आणि त्याच्या जागी दुसऱ्याची नेमणूक करताना क्लब, महासंघ किंवा शिक्षणसंस्था यांच्यावर जो आर्थिक भार पडतो, त्यास मुख्य प्रशिक्षक बदलाचा खर्च म्हणतात. हा खर्च बडतर्फीनंतर चुकता होत असला, तरी त्याचा आकडा बहुतांशी करारावर सही होते त्याच दिवशी ठरलेला असतो. भारतात राष्ट्रीय संघ तसेच गोवा व मुंबई येथील व्यावसायिक क्लब यांच्या संदर्भात या विषयाची ठळक उदाहरणे आढळतात. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये हा खर्च सर्वाधिक चर्चिला जातो.

खर्चाचे घटक

या खर्चाचे साधारणतः तीन भाग पडतात. पहिला भाग म्हणजे जाणाऱ्या प्रशिक्षकाच्या उर्वरित मुदतीचे वेतन किंवा तडजोडीने ठरलेली भरपाई. दुसरा भाग म्हणजे त्याच्यासोबत जाणाऱ्या साहाय्यकांची देणी. तिसरा भाग नव्या प्रशिक्षकाच्या वेतनाचा. तो अन्य क्लबशी करारबद्ध असल्यास त्या क्लबला द्यावयाच्या मुक्तता-रकमेचाही यात समावेश होतो. परिणामी काही काळ एकाच पदासाठी दोन व्यक्तींना पैसे मोजावे लागतात.

नियम

प्रशिक्षकांच्या रोजगारासंबंधीचे स्वतंत्र नियम फिफाने जानेवारी २०२१ पासून लागू केले. त्यांनुसार योग्य कारणाविना करार मोडल्यास आणि करारात वेगळी तरतूद नसल्यास, भरपाई सर्वसाधारणपणे उर्वरित कराराच्या मूल्याइतकी धरली जाते. दरम्यानच्या काळात प्रशिक्षकाला दुसरे काम मिळाले असल्यास, त्याच कालावधीतील नवे वेतन या रकमेतून वजा होते. संघाचे पराभव हे केवळ तेवढ्यावरून करार मोडण्याचे योग्य कारण सहसा मानले जात नाही. आंतरराष्ट्रीय स्वरूपाचे असे तंटे फिफाच्या फुटबॉल न्यायाधिकरणाकडे नेता येतात.

भारतीय राष्ट्रीय संघ

क्रोएशियाचे माजी खेळाडू इगोर स्टिमाच यांची मे २०१९ मध्ये भारतीय पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढविला. जून २०२४ मध्ये कतारविरुद्धच्या १–२ अशा पराभवाने विश्वचषक पात्रता स्पर्धेतील भारताचे आव्हान संपुष्टात आले आणि १७ जून २०२४ रोजी महासंघाने त्यांना पदमुक्त केले. मुदतवाढीला तेव्हा वर्षही झाले नव्हते. महासंघाने देऊ केलेले तीन महिन्यांचे वेतन त्यांनी नाकारले व उर्वरित कराराची रक्कम मागितली. मुदतपूर्व समाप्तीचे कलम करारात का नव्हते, यावरून महासंघाच्या पदाधिकाऱ्यांत जाहीर वाद झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये ४ लाख अमेरिकी डॉलर, म्हणजे सुमारे ३.३६ कोटी रुपये, इतक्या भरपाईवर प्रकरण मिटले.

त्यांच्या जागी जुलै २०२४ मध्ये नेमलेले स्पेनचे मानोलो मार्केझ २०२४–२५ च्या हंगामात एफ.सी. गोवा या क्लबचेही प्रशिक्षक होते. जुलै २०२५ मध्ये ते व महासंघ परस्परसंमतीने विभक्त झाले. या वेळी कोणत्याही पक्षावर आर्थिक भार पडला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हे पद खालिद जमील यांच्याकडे आले. ते मुंबईच्या महिंद्र युनायटेडचे माजी खेळाडू आणि मुंबई एफ.सी.चे माजी प्रशिक्षक आहेत.

गोवा आणि मुंबई

एफ.सी. गोवाने जानेवारी २०२०च्या अखेरीस सर्जिओ लोबेरा यांना पदावरून दूर केले, तेव्हा संघ इंडियन सुपर लीगच्या गुणतक्त्यात अग्रस्थानी होता. अंतरिम जबाबदारी गोव्याचेच क्लिफर्ड मिरांडा यांनी सांभाळली व संघाने त्या हंगामात लीग विनर्स शिल्ड मिळविली. लोबेरा पुढे मुंबई सिटी एफ.सी.कडे गेले आणि २०२०–२१ च्या हंगामात त्या क्लबने शिल्ड व करंडक ही दोन्ही विजेतेपदे पटकाविली.

डिसेंबर २०२१ मध्ये याच्या उलट घडले. एटीके मोहन बागानने करारातील मुक्तता-कलमाचा वापर करून एफ.सी. गोवाचे प्रशिक्षक हुआन फेरांडो यांना हंगामाच्या मध्यावर आपल्याकडे घेतले. मुक्तता-रक्कम जुन्या क्लबला मिळते. मात्र हंगामाच्या मध्यास पर्याय शोधण्याचे ओझेही त्याच्यावरच पडते. डेरिक परेरा यांनी सूत्रे हाती घेतली, तरी गोव्याचा संघ ११ संघांत ९व्या स्थानी राहिला. फेरांडो यांनी २०२२–२३ मध्ये कोलकात्याच्या क्लबला करंडक जिंकून दिला. परंतु जानेवारी २०२४ मध्ये त्यांनाही पद सोडावे लागले.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉल

येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल होय. तेथील मोठ्या विद्यापीठांत मुख्य प्रशिक्षकाचे वेतन अनेकदा कुलगुरूपदाच्या तोडीच्या अधिकाऱ्याहूनही कितीतरी अधिक असते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२१ मध्ये जिम्बो फिशर यांचा करार २०३१ पर्यंत वाढविला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांना काढून टाकले. त्यांचे देणे ७.५ कोटी डॉलरहून अधिक होते. नवी नोकरी मिळाल्यास रक्कम घटेल, अशी अट त्यांच्या करारात नव्हती. याउलट पेन स्टेट विद्यापीठाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पदमुक्त केलेल्या जेम्स फ्रँकलिन यांच्या बाबतीत सुमारे ४.९ कोटी डॉलरचे देणे, ते व्हर्जिनिया टेककडे रुजू झाल्यावर सुमारे ९० लाख डॉलरवर आले. दोन्ही प्रकरणांतील हा फरक कराराच्या अटींमुळे पडला.

महाराष्ट्रातील महाविद्यालये

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत असे करार आढळत नाहीत. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालयांप्रमाणेच राज्यात इतरत्रही खेळांची जबाबदारी प्रामुख्याने शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाकडे असते. अनुदानित महाविद्यालयात हे पद वेतनश्रेणीनुसार भरले जाते आणि संघाच्या जयपराजयावर त्याची मुदत अवलंबून नसते. सेवासमाप्तीविरुद्ध विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.