यंत्राची नाडीपरीक्षा

रोग्याची नाडी चालतच असते. कौशल्य लागतें तें तिचा अर्थ लावण्यास. संगणकाच्या मदरबोर्डावरील सेन्सरांचा इतिहास पाहतांना आम्हांस या साध्या गोष्टीची वारंवार आठवण होते. मापन लवकर सुलभ झालें. पण मापलेल्या आंकड्याचा अर्थ ठरविणें मात्र दीर्घकाळ कठीण राहिलें.

१९९३ सालीं इंटेल कंपनीनें पेंटियम प्रोसेसर बाजारांत आणला. त्याचे पहिले प्रकार ५ व्होल्टांवर चालत व बरेच तापत. प्रोसेसराच्या डोक्यावर पंखा ठेवण्याची रीत पडली. आणि तो पंखाच बंद पडला तर मालकास कळावें कसें, हा प्रश्न ओघानेंच आला. नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची एल.एम. ७८ ही चिप त्याचें एक उत्तर होय. सात विद्युद्दाब, तीन पंख्यांचे वेग व स्वतःचें तापमान इतकें ती एकटी मोजी. अशा चिपांशीं बोलण्याची वाट दोन तारांची होती: फिलिप्स कंपनीनें १९८२ सालीं काढलेली आय-टू-सी पद्धति, व तिजवरून इंटेलनें १९९५ सालीं ठरविलेली एस.एम.बस.

परंतु खरी गोम पुढेंच आहे. एल.एम. ७८ ला सुमारें ४ व्होल्टांपलीकडे मोजतां येत नाहीं. मग १२ व्होल्टांचा दाब ती मोजणार कशी? मदरबोर्डाचा कर्ता दोन रोधकांची जोडी लावून तो दाब उतरवितो. एक रोधक ३०,००० ओहमांचा व दुसरा १०,००० ओहमांचा असेल, तर १२ व्होल्टांचे ३ व्होल्ट होऊन चिपपुढें येतात. तेव्हां वाचलेल्या आंकड्यास चारानें गुणिलें पाहिजे. पण हा ‘चार’ चिपमध्यें कोठेंही लिहिलेला नसतो. तो बांधणाऱ्याच्या वहींत असतो. पंख्याचीही तीच कथा. दर फेरीस दोन ठोके पडतात असें धरून हिशेब केलेला असे. एकच ठोका देणारा पंखा लावला कीं वेग निम्मा दिसे. ज्या जागीं सेन्सर जोडलेलाच नाहीं, तेथें १२७ अंश उष्णता दिसून मालकाची उगाच गाळण उडे!

लिनक्स प्रणालीसाठीं फ्रोडो लोयार्ड, फिलिप एडेलब्रॉक प्रभृति मंडळींनीं १९९८ च्या सुमारास एल.एम.-सेन्सर्स हा उद्योग आरंभिला. चिप वाचणारा ड्रायव्हर एकीकडे व आंकड्याचा अर्थ सांगणारी फाइल दुसरीकडे, अशी त्यांनीं वांटणी केली. कोणत्या आंकड्यास कशानें गुणावें, त्यास काय नांव द्यावें, कोणता आंकडा सोडून द्यावा, हें सर्व त्या फाइलींत लिहावयाचें. एकाच चिपचे दोन मदरबोर्डांवर दोन अर्थ होऊं शकतात, हें ज्यांनीं ओळखलें त्यांसच ही वांटणी सुचली.

अज्ञानाचें मोलही त्यांस द्यावें लागलें. कोणती चिप कोठें आहे हें शोधणारा त्यांचा प्रोग्राम एकेका पत्त्यावर हांक मारून पाही. आय.बी.एम.च्या कांहीं थिंकपॅड यंत्रांत एक स्मृतिचिप होती. तिच्या घडणींतील दोषामुळें ती नुसती हांक तिनें लेखनाची आज्ञा समजून घेतली. आंतील नोंद बिघडली व यंत्रें सुरूच होईनात. पुढें त्या पत्त्यांवर केवळ वाचूनच चौकशी करावी, असा पालट करण्यांत आला. पाहणें हेंही एक प्रकारचें करणें आहे, हा धडा त्यांनीं असा शिकून घेतला.

डिसेंबर २००३ मध्यें लिनक्सची २.६ ही आवृत्ति निघाली. तींत हे ड्रायव्हर मूळ प्रणालींतच आले व त्यांनीं आंकडे कोणत्या परिमाणांत द्यावे हेंही ठरलें: तापमान अंशाच्या सहस्रांशांत, दाब व्होल्टाच्या सहस्रांशांत. तरीही रोधकांचें गुपित तसेंच राहिलें. कारण तें मदरबोर्डागणिक निराळें असतें. म्हणून आजही शहाणा मनुष्य प्रथम बायोसच्या पडद्यावरील आंकडे पाहतो, ते आपल्या आंकड्यांशीं ताडून पाहतो, आणि मगच फाइलींत गुणक लिहितो.

चुकीचा मोठा आंकडा मनुष्यास भिववितो. चुकीचा लहान आंकडा त्यास निजवितो, आणि यंत्र जळतें तें या दुसऱ्यामुळें. आंकडा खोटें बोलत नाहीं हें खरें. पण तो कोठून निघाला हें ठाऊक नसेल, तर तो खरेंही बोलत नाहीं, इतकें आम्हांस सुचवावयाचें आहे.