पाठचं बाळ आणि डॉक्टर साय

क्वाशिओरकर हा शब्द आपल्यापैकी पुष्कळजणींनी शाळेत पाठ केला असेल. प्रथिनांच्या अभावानं मुलांना होणारा आजार, एवढं लिहिलं की मार्क मिळायचे. मराठीत त्याला सुजवटी म्हणतात. पण तो शब्द मुळात कुठला, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. तो घाना देशातल्या गा भाषेतला. जमैकात जन्मलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स यांनी तो अक्रा शहरातल्या बायकांकडून ऐकला आणि १९३५ साली डॉक्टरांच्या जगात नेला. पाठचं बाळ आलं की आधीच्या मुलाचं अंगावरचं दूध तुटतं. त्या थोरल्याला मग जे दुखणं धरतं, ते क्वाशिओरकर. म्हणजे बघा, रोगाचं नाव बायकांनी ठेवलेलं आणि नावातच कारण सांगून टाकलेलं!

डॉ. फ्रेड साय यांचं सगळं आयुष्य मला ह्या एका शब्दातून उलगडल्यासारखं वाटतं. त्यांचा जन्म १९२४ चा, अक्रातलाच. तेव्हा तिथं इंग्रजांचं राज्य होतं. लंडनला डॉक्टरी शिकले, पुढं हार्वर्डला सार्वजनिक आरोग्य शिकले, परत मायदेशी येऊन मुलांच्या पोषणाच्या कामाला लागले. सुजलेल्या पायांची, विटलेल्या केसांची मुलं दवाखान्यात यायची. त्यांना चार आठवडे दूध, अंडी, डाळी देऊन बरं करता येतं. पण घरी गेल्यावर काय? आईच्या कडेवर दुसरं, पोटात तिसरं. दोन मुलांत अंतर पडल्याशिवाय हे थांबायचं नाही, ही गोष्ट ह्या पोषणाच्या डॉक्टरला कळली. आपल्या आज्यांना ती कळत नव्हती असं नाही. उपाय हातात नव्हता.

१९६७ साली घानात कुटुंबनियोजनाची संस्था निघाली, तिच्या संस्थापकांत साय होते. त्या काळी बहुतेक आफ्रिकी सरकारांना हा विषय नको असे. नुकते स्वतंत्र झालेले देश, माणसं थोडी, आणि लोकसंख्या कमी करा म्हणून सांगणार कोण, तर गोरे! संशय अगदीच खोटा नव्हता. साय यांनी वाद आकड्यांवरून घातला नाही, आईच्या आणि मुलाच्या जिवावरून घातला. १९६९ साली घाना सरकारनं लोकसंख्या धोरण जाहीर केलं. आफ्रिकेत असं करणारे देश तेव्हा बोटावर मोजण्याएवढे होते. नंतर अक्राजवळच्या डान्फा भागात त्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयानं अमेरिकन विद्यापीठाच्या मदतीनं गावांचे चार गट करून पाहिलं. एकीकडे आरोग्यसेवेसकट सगळं, एकीकडे नुसती कुटुंबनियोजनाची साधनं, असं. मूल जगेल याची खात्री नसलेल्या बाईला पाळणा लांबव म्हणून सांगण्यात काय अर्थ, हा त्यामागचा साधा प्रश्न.

आता मुंबईचा धागा. कुटुंबनियोजनाचा जो आंतरराष्ट्रीय महासंघ आहे, तो १९५२ साली मुंबईत स्थापन झाला. १९८३ ते ८९ त्याच्या अध्यक्षा होत्या मुंबईच्याच अवाबाई वाडिया. १९८४ मध्ये मेक्सिको शहरातल्या परिषदेत अमेरिकेनं जाहीर केलं, की गर्भपाताशी संबंध ठेवणाऱ्या परदेशी संस्थांना, मग तो त्यांच्या स्वतःच्या पैशानं का असेना, आमची मदत नाही. महासंघानं अट मानली नाही आणि अमेरिकेचा पैसा गमावला. त्या पडत्या काळात अवाबाईंनी संस्था सांभाळली आणि १९८९ मध्ये अध्यक्षपद साय यांच्याकडे आलं.

त्यांची खरी कसोटी लागली १९९४ च्या सप्टेंबरात, कैरोला. १७९ देश, आणि मसुद्यावर ओळ न् ओळ वाद घालणाऱ्या मुख्य समितीचे अध्यक्ष साय. गर्भपाताच्या एका परिच्छेदावर दिवसच्या दिवस गेले. व्हॅटिकनचा विरोध, काही मुस्लिम देशांचा विरोध, दुसऱ्या बाजूला बायकांच्या संघटना. साय विनोदी स्वभावाचे म्हणून प्रसिद्ध. तरी त्या खुर्चीत बसणं म्हणजे दोन्ही घरच्या व्याह्यांना एका पंगतीत बसवण्यासारखंच. शेवटी मजकूर ठरला: गर्भपात हे कुटुंबनियोजनाचं साधन म्हणून पुढं करू नये, जिथं कायद्यानं मान्य आहे तिथं तो सुरक्षित असावा, आणि त्यातून बाईची प्रकृती बिघडली, तर कायदा काहीही असो, तिला उपचार मिळालेच पाहिजेत. मला विचाराल तर ह्या तिसऱ्या वाक्यासाठी सगळा खटाटोप सार्थकी लागला.

कैरोनं आणखी एक केलं. बायकांचं आरोग्य आणि त्यांची इच्छा आधी, आकडे नंतर, हे कागदावर आणलं. आपल्याकडं मार्चअखेर आला की नर्सबाई आणि मास्तर 'केस' शोधत दारोदार फिरायचे, आठवतं ना? कुणाची केस कुणाच्या नावावर, यावरून भांडणं व्हायची. ज्या बाईची शस्त्रक्रिया, ती नुसती केस. १९९६ च्या एप्रिलपासून भारत सरकारनं वरून लादलेली ती लक्ष्यं काढून टाकली, ती कैरोनंतरच.

साय पुढं घानाच्या राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार झाले, एड्सच्या कामात पडले. २०१९ साली पंच्याण्णवाव्या वर्षी ते गेले.