सतरंजीवरची मैफल

जयपूरला राहतो असे सांगितले की महाराष्ट्रातील नातलग हमखास एक प्रश्न विचारतात : "म्हणजे जयपूर घराण्याचे गाणे तुम्हांला रोजच ऐकायला मिळत असेल!" या प्रश्नाने आम्ही प्रत्येक वेळी ओशाळतो. ज्या गायकीला या शहराने आपले नाव दिले, तिच्यासाठी आम्हां जयपूरकरांना उलट कोल्हापूर, मुंबई आणि धारवाड यांच्याकडे तोंड करून बसावे लागले आहे. आणि ती गायकी जयपुरात प्रत्यक्ष समोर बसून आम्ही प्रथम ऐकली ती राजवाड्यातही नव्हे आणि रवींद्र मंचावरही नव्हे. ती ऐकली एका महाविद्यालयाच्या वसतिगृहातील भोजनगृहात, उसन्या आणलेल्या सतरंज्यांवर बसून. विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी भरविलेल्या त्या संगीतरात्रींचे पहिले दिवस मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात कोठेतरी नोंदले जावेत, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

जयपूर संस्थानात गुणिजनखाना नावाचे एक खाते होते. राज्याच्या छत्तीस कारखान्यांपैकी ते एक. गवय्ये, बीनकार, सारंगिये, नर्तकी यांची नेमणूक आणि वेतन या खात्यातून होत असे. सवाई रामसिंह दुसरे हे १८३५ पासून १८८० पर्यंत गादीवर होते. ते स्वतः संगीताचे जाणकार असल्याने त्यांच्या पदरी ध्रुपदिये बहराम खाँ डागर, बीनकार रजब अली खाँ यांच्यासारखी माणसे जमली. पुढे जयपूरच्याच महंमद अली खाँ कोठीवाल यांच्या घराण्यातील शेकडो चिजा मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी मोठ्या चिकाटीने मिळविल्या आणि स्वरलिपीत बांधल्या. म्हणजे जयपूरचे गाणे मराठी माणसाच्या वहीत उतरण्यास तेव्हापासूनच आरंभ झाला होता.

अल्लादिया खाँसाहेबांची कथा बहुतेकांस ठाऊक आहे. १८५५ साली उणियारा या लहानशा ठिकाण्यात त्यांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ अलीगढजवळच्या अतरौलीचे, शिक्षण आणि उमेदवारी जयपूरच्या परिसरात. आमलेटा येथील दरबारात अतिरेकी गायनाने त्यांचा आवाज बसला. पुढे तो परतला तो पूर्वीचा गोडवा गमावूनच, आणि त्या बदललेल्या आवाजाला झेपेल अशी बलपेचांची, लयीच्या अंगाने जाणारी गायकी त्यांनी घडविली. शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापुरी आश्रय दिला. १९२२ साली महाराज निवर्तल्यानंतर खाँसाहेब मुंबईस आले आणि १९४६ साली तेथेच त्यांचा अंत झाला. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, भास्करबुवा बखले यांना त्यांची तालीम मिळाली. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्या पुत्रांकडे, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे, शिकले. सारा वंशवृक्ष सह्याद्रीच्या अंगाला वाढला, आणि मूळ गाव कोरडे राहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कोल्हापुरात या गाण्याला जसा दरबार होता, तसाच क्लबही होता. १८८३ साली स्थापन झालेला गायन समाज देवल क्लब ही रसिकांनी चालविलेली संस्था होती. त्याआधी १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज निघाला होता. दरबार हे राजाच्या मर्जीवर चालते. क्लबाला मात्र सतरंजी उचलणारी माणसे लागतात. ३० मार्च १९४९ रोजी राजस्थान राज्य अस्तित्वात आले आणि संस्थानी खात्यांचा काळ संपला, तेव्हा कोल्हापूर-पुण्याकडे अशी माणसे दोन-तीन पिढ्या तयार होती. जयपुरात ती फारशी नव्हती, असे आमचे मत आहे. इतिहासाचे जाणकार ते खोडून काढतील तर आम्हांस आनंदच होईल.

विद्यार्थी मात्र या क्लबांपासूनही दूरच राहिले. गाण्याच्या बैठकीत पुढे पोक्त मंडळी, मागे त्यांच्या छत्र्या आणि जोडे, असा तो थाट. महाविद्यालयीन तरुण तेथे गेलाच तर भिंतीला टेकून उभा. त्याच्या वाट्याला स्नेहसंमेलनातील चित्रपटगीते आणि वाद्यवृंद. हे चित्र १९७०च्या दशकात पालटू लागले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी इंडियन म्युझिक ग्रुप काढला. ध्वनिमुद्रणे जमवून ती एकत्र बसून ऐकणे आणि जानेवारीत महाविद्यालयाच्या चौकात, उघड्या आकाशाखाली, जमिनीवर बसून मैफल करणे हा त्यांचा परिपाठ. पवईच्या आय.आय.टी.त १९७१ पासून 'मूड इंडिगो' हा उत्सव सुरू झाला. आपल्या राजस्थानात पिलानीच्या विद्यार्थ्यांनी 'ओअॅसिस' आरंभिला तोही त्याच साली.

मग १९७७ साल उगवले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात संशोधन करीत असताना किरण सेठ नावाच्या एका तरुणाने डागर घराण्याचे ध्रुपद ऐकले होते. ज्या बहराम खाँचे नाव वर आले, त्यांच्याच वंशातील हे गाणे, म्हणजे पुन्हा जयपूरशी नाते सांगणारे! हे गृहस्थ परत येऊन दिल्लीच्या आय.आय.टी.त अध्यापक झाले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून 'स्पिक मॅके'ची चळवळ उभी केली. प्रवेशमूल्य नाही, कार्यकर्त्यास वेतन नाही, कलावंताने गाण्याबरोबर चार शब्द समजावून सांगायचे, आणि सारी खटपट विद्यार्थ्यांनी करायची, असा तो साधा बेत. त्याच १९७७च्या सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. त्यांचे निधन होण्यापूर्वी काही दिवसच, अमेरिकेने सोडलेल्या व्हॉयेजर यानांतून त्यांची भैरवी सोन्याच्या तबकडीवर अंतराळात निघाली होती. जयपूरची गायकी सूर्यमालेबाहेर जाण्यास निघाली, पण जयपूरच्या वसतिगृहात ती अद्याप पोहोचायची होती.

आमच्या महाविद्यालयात हे वारे आले ते १९८२च्या हिवाळ्यात. आम्ही चार-पाच मराठी मुले वसतिगृहात होतो. छात्रसंघाकडे थोडा निधी शिल्लक होता. तो वाद्यवृंदावर खर्च करावा की गाण्यावर, यावर दोन बैठका गाजल्या. शेवटी वाद्यवृंदवाल्यांचा दर न परवडल्यामुळे शास्त्रीय संगीताचा विजय झाला, ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. मुंबईहून दिल्लीस निघालेले, याच घराण्याचे एक वयस्क गायक वाटेत एक रात्र थांबावयास तयार झाले. सायक्लोस्टाईल केलेली भित्तिपत्रके चिकटविण्यात आली. त्यांवर गायकांचे नाव चुकले होते, ते हाताने दुरुस्त केले.

तानपुऱ्याची अडचण आली. साऱ्या वसतिगृहात गिटारी तीन, तानपुरा एकही नाही. तेव्हा आमच्यापैकी एकास आठवण झाली की मंडळाच्या गणेशोत्सवात ज्या काकू पदे म्हणतात, त्यांच्याकडे मिरजेचा तानपुरा आहे. माहेरहून आणलेला, पंढरपूरकडच्या भोपळ्याचा. आम्ही दारात उभे राहिलो. काकूंनी चहा दिला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि मग म्हणाल्या, "न्या बाबांनो. पण सायकलवर नको हं. रिक्षा करा, आणि मांडीवर धरून बसा." त्याबरोबर पाहुण्यांच्या जेवणाचा भारही त्यांनीच उचलला. परमुलखात मंडळ म्हणजे काय, हे आम्हांस त्या दिवशी कळले.

भोजनगृहातील मेजे भिंतीला लावली, सतरंज्या अंथरल्या. जानेवारीची कोरडी थंडी. तबल्याची पुडी चढून स्वर हाती येईना, तबलजी हातोडीने ठोकीत बसलेले. पंख्यांचा प्रश्न नव्हता, पण शीतकपाटाची घरघर चालू होती. गायकांनी तिकडे नुसते पाहिले आणि आम्ही ते बंद केले. दुसऱ्या दिवशी दूध नासले आणि त्यावरून आमची बरीच शोभा झाली. आरंभी साठेक मुले होती. विलंबित खयालाची दहा मिनिटे झाली तशी मागची ओळ उठली, जेवणाची घंटा होताच मधली. मध्यरात्रीस एकोणीस उरले. आम्ही मोजले होते, कारण लाजेने मान खाली घालून मोजण्यापलीकडे काही करता येत नव्हते. गायकांनी त्या एकोणिसांना हाताने जवळ बोलाविले, ध्वनिक्षेपक बाजूस सारला आणि म्हणाले, "आता बसू या गायला." त्यानंतर त्यांनी बसंती केदार आणि नट कामोद गाइले. या जोडरागांत दोन राग एकमेकांत कसे मिसळतात आणि पुन्हा कसे सुटे होतात, हे ते मध्येच थांबून हाताने दाखवीत होते.

मध्यंतरात त्यांनी विचारले, "उणियारा कोठे आहे, ठाऊक आहे?" आम्ही सारे गप्प. निवेदन करणाऱ्या आमच्या मित्राने 'जयपूर-अतरौली' हा शब्द त्या रात्री सात वेळा उच्चारला होता, तोही गप्प. तेवढ्यात दाराशी, खांद्यावर पंचा टाकून उभा असलेला आमचा आचारी म्हणाला, "टोंक रे रस्ते, हुकम. म्हारो सासरो है." गायकांनी त्याला आत बोलावून पुढे बसविले. पहाटेपर्यंत तो तसाच बसून होता. सकाळचा नाश्ता उशिरा झाला.

पुढच्या वर्षी साठांपैकी चाळीस टिकले, त्यापुढे आम्ही मोजणे सोडले. हे सारे एकट्या आमच्या महाविद्यालयाचे कर्तृत्व नव्हे. देशभर शेकडो वसतिगृहांत हेच घडत होते, आणि अशा रात्रींनीच कुमार गंधर्व, भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर यांना आमच्या वयाचा श्रोता मिळवून दिला. आमची मुले आज ज्याला 'इंडी' म्हणतात, म्हणजे कंपनीच्या आणि चित्रपटाच्या आधाराविना आपले गाणे आपणच मांडणे, त्याची जातकुळीही फार वेगळी नाही. ब्रिटनमध्ये स्वतंत्र कंपन्यांच्या तबकड्यांची वेगळी विक्रीयादी १९८० साली निघू लागली आणि तेथील छात्रसंघांच्या सभागृहांतून असल्या संगीताच्या रात्री रंगू लागल्या. मुंबईत झेवियर्सला लागून असलेल्या रंगभवनात त्याच दशकात रॉक वाजविणारी मुले जमत. ते संगीत आम्हांस कळत नाही, आणि कळते असे सोंग आम्ही आणणार नाही. परंतु तारा जोडणारा, भित्तिपत्रक चिकटविणारा आणि सर्वांत शेवटी झोपणारा मुलगा आम्ही बरोबर ओळखतो.

रंगभवनातील त्या मैफली पुढे शांतता-क्षेत्राच्या नियमाने थांबल्या. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास बंदी आली. वर्षातील मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट, एवढेच. १९५३ पासून पुण्यात चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवासही रात्रभराच्या बैठका आवराव्या लागल्या. नियम आवश्यक होता, आजारी माणसाच्या शेजारी राहिलेल्या कोणासही ते पटेल. परंतु मध्यरात्रीनंतरचे राग त्यामुळे पोरके झाले. ललत पहाटे ऐकावा तो रात्र जागून, गजर लावून उठून नव्हे. बंदिस्त सभागृहांना त्या नियमातून सवलत असल्याने रात्रभराची मैफल आज टिकून आहे ती बरीचशी महाविद्यालयांच्या चार भिंतींत.

याच ठिकाणी आपल्या मंडळाविषयी एक कटू शब्द लिहिणे भाग आहे. आम्ही नोकरी-व्यवसायात स्थिरावलो, मंडळाचे पदाधिकारी झालो, आणि गणेशोत्सवात नाट्यसंगीताचे कार्यक्रम थाटाने करू लागलो. पहिल्या दोन रांगा देणगीदारांसाठी राखून ठेविल्या. मुले येत नाहीत म्हणून दरवर्षी वार्षिक सभेत हळहळलो. याच शहरात जन्मलेली आमची मुलगी महाविद्यालयातून एके पहाटे घरी आली, डोळे लाल, पायांस सतरंजीची धूळ, आणि म्हणाली, "बाबा, रात्रभर मराठीच बाई गात होत्या. तुम्ही मला कधी सांगितलंच नाही की हे आपल्याकडे आहे." मंडळाच्या कार्यक्रमास ये, असे आम्ही तिला अनेकदा म्हटले होते. सतरंजी उचलायला ये, असे एकदाही म्हटले नव्हते.

काकू आता नाहीत. तानपुरा त्यांच्या घरच्यांनी मंडळास दिला आणि तो कार्यालयाच्या कोपऱ्यात, गवसणी घालून उभा आहे. भोपळ्यावर एक बारीक चीर आहे, ती १९८२ची. रिक्षातून उतरताना आमच्याच हातून पडली, आणि काकूंनी त्याबद्दल कधी विचारले नाही. गेल्या हिवाळ्यात दोन मुली तो मागण्यास आल्या, एक मराठी, दुसरी टोंककडची. त्यांच्या वसतिगृहात रात्रीची बैठक होती. चिटणिसांनी पावती-पुस्तक काढले, अनामत किती घ्यावी याची चर्चा सुरू झाली. आम्ही ते पुस्तक मिटविले आणि मुलींना एवढेच सांगितले की रिक्षा करा, आणि मांडीवर धरून बसा.