सारस : जोडी आणि तिची जागा

सारस (शास्त्रीय नाव अँटिगोनी अँटिगोनी) हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच पक्षी. उंची सुमारे १.८ मीटरपर्यंत. अंग करडे, डोके व मानेचा वरचा भाग लाल. भारतातला सारस स्थलांतर करीत नाही. जोडी आपल्या पाणथळीवर वर्षभर हक्क सांगते आणि सहसा आयुष्यभर एकत्र राहते.

उज्जैनशी या पक्ष्याचे नाते जुने आहे. कालिदासाच्या ‘मेघदूता’त उज्जैनच्या क्षिप्रा नदीवरचा पहाटवारा सारसांचा आवाज लांबवतो. हा आवाज बहुधा जोडीचाच असणार, कारण सारस नर-मादी मिळून ओरडतात : नराच्या एका दीर्घ हाकेला मादी दोन-तीन तोकड्या हाकांनी साथ देते. माना वर, चोची आभाळाकडे. दोन गळे इतके जुळतात की ऐकणाऱ्याला एकच पक्षी वाटावा. यातून जोडी घट्ट राहते आणि शेजाऱ्यांना हद्दही कळते.

नर थोडा मोठा, बाकी दोघांचे रूप सारखेच. भडक पिसाऱ्याने मादीला भुलवणे इथे नाही. तरुण पक्षी आधी थव्यांत राहतात, तिथेच जोड्या जमतात. सारसांचा नाच प्रसिद्ध असला तरी तो केवळ प्रणयाचा नव्हे. सारस एरवीही नाचतात. खरी कसोटी जागा मिळवून ती राखण्याची. वीण मुख्यतः पावसाळ्यात. दलदलीत किंवा धानाच्या बांधीत पाणवनस्पतींचा ढीग रचून त्यावर बहुधा दोन अंडी. दोघेही आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवतात. बादशहा जहांगीराने आपल्या पाळीव जोडीला लैला-मजनू अशी नावे दिली होती. मादी रात्रभर अंड्यांवर बसते आणि नर राखण करतो, हे त्याने आत्मचरित्रात नोंदवले आहे.

जोडीदार मेला की सारस झुरून प्राण सोडतो, ही समजूत हृद्य आहे. पण एकटा राहिलेला पक्षी पुन्हा जोडी जमवू शकतो. सारसांचे अभ्यासक गोपी सुंदर व सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये तीन प्रौढांची कुटुंबेही नोंदवली. त्यांचे प्रमाण दोन टक्क्यांहून कमी असून अशी त्रिकुटे प्रामुख्याने निकृष्ट अधिवासात आढळली. म्हणजे सारसाची एकनिष्ठा ही नुसत्या स्वभावाची बाब नाही. भोवतालचे पाणी आणि शेतीही ती घडवतात.

उज्जैनच्या माळव्यात आज सारसांसाठी महत्त्वाची जागा म्हणजे इंदूरजवळचा यशवंत सागर, गंभीर नदीवरचा होळकरकालीन जलाशय आणि आता रामसर स्थळ. हीच नदी पुढे क्षिप्रेला मिळते. मेघदूतातली गंभीरा ती हीच, असे मानतात. महाराष्ट्रात सारस मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात उरला आहे, तोही मोजकाच. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे. गोंदियात त्याचा संसार धानाच्या बांध्या आणि जुन्या तलावांच्या आधाराने चालतो. अंडी फुटेपर्यंत घरट्याभोवतालचा धानाचा तुकडा न छेडणारा शेतकरी हा त्याचा सर्वांत मोठा रक्षक आहे.