कान्हेरीचे पाणी

मुंबईच्या उपनगरांत शिकवणाऱ्या शिक्षकाला पावसाळी सहलीसाठी जागा शोधत लांब जावे लागत नाही. बोरिवली स्थानकाच्या पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या फाटकापासून सुमारे सहा किलोमीटर आत, डोंगराच्या अंगावर, कान्हेरीची लेणी आहेत. एका ऑगस्टमध्ये आम्ही दोघे शिक्षक नववीच्या मुलांना घेऊन तेथे गेलो. आमच्या मनात लेणी होती आणि मुलांच्या मनात धबधबा.

जिंकला अर्थातच धबधबा. लेण्यांच्या दोन रांगांमधून एक नाला उतरतो. एरवी तो लक्षातही येत नाही, पण त्या दिवशी तो खडकाच्या पायऱ्यापायऱ्यांवरून फेसाळत खाली येत होता. चैत्यगृहातील सातवाहनकालीन खांब आणि व्हरांड्यातील सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती मुलांनी दहा मिनिटांत 'पाहून' टाकल्या आणि सगळी पाण्याकडे पळाली. एक मुलगी मात्र कठड्याशी उभी होती. तिने विचारले, "बाई, एवढं सगळं पाणी तर वाहून चाललंय. मग इथे राहणारी माणसं उन्हाळ्यात काय पीत असतील?"

आम्हाला चटकन उत्तर देता आले नाही. आम्ही सातवाहन, त्रैकूटक, राष्ट्रकूट, शिलाहार अशी घराण्यांची यादी तयार करून नेली होती. तीत पाण्याविषयी एक ओळही नव्हती.

मे महिन्यातील कान्हेरी

उत्तर शोधायचे तर पाणी नसताना जायला हवे, म्हणून पुढच्या मे महिन्यात आम्ही चार-पाच मुलांसह पुन्हा गेलो. नाला कोरडा ठणठणीत होता. धबधब्याच्या जागी काळा पडलेला खडक आणि त्यावर वाळलेले शेवाळ एवढेच उरले होते. 'कान्हेरी' हे नाव लेखांत आढळणाऱ्या 'कण्हगिरि' किंवा 'कृष्णगिरि' या नावावरून आले आहे. त्याचा अर्थ काळा डोंगर. हे नाव उन्हाळ्यात चांगलेच पटते.

त्या दिवशी आम्ही मूर्तींकडे न पाहता लेण्यांच्या दारांकडे पाहायचे ठरवले. बहुतेक विहारांची मांडणी सारखी आहे: पुढे छोटे अंगण, काही पायऱ्या, ओसरी, ओटा आणि आतली खोली. अंगणाच्या एका बाजूला, भिंतीत किंवा जमिनीत, चौकोनी तोंडाचे एक टाके. मुलांनी वाकून पाहिले. सगळ्या नाही, पण काही टाक्यांत त्या मे महिन्यातही पाणी होते. खडा टाकल्यावर येणारा 'डुबुक' आवाज ऐकून मुलांना धबधब्याइतकाच आनंद झाला.

या टाक्यांना लेखांत 'पोढी' असे म्हटले आहे. पोढीची रचना नीट पाहण्यासारखी असते. वरचे तोंड लहान आणि आतली पोकळी मोठी. तोंड लहान असल्याने ऊन आत पोहोचत नाही, वारा लागत नाही आणि बाष्पीभवन कमी होते. पाणी डोंगराच्या पोटात राहिल्याने थंडही राहते. हा डोंगर ज्वालामुखीतून निघालेल्या, तुकडे एकत्र जमून घट्ट झालेल्या खडकाचा आहे. अखंड असेल तेथे हा खडक पाणी फारसे झिरपू देत नाही. लेण्यांच्या वरच्या उतारांवर लहान पन्हळी कोरलेल्या दिसतात. उतारावरून येणारा पाऊस दारावर न कोसळता त्यांतून वळवला जाई. नाल्याच्या वरच्या अंगाला जुन्या बंधाऱ्याचेही अवशेष आहेत. म्हणजे एकेका दाराशी टाके आणि सगळ्यांसाठी बंधारा अशी दुहेरी सोय होती.

थोडे गणित

हे गणित वर्गात करून पाहण्यासारखे आहे. आकडे आम्ही सोयीसाठी धरले आहेत. आपल्या परिसरात सालभरात किमान २,००० मिलिमीटर, म्हणजे २ मीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. लेण्यावरचा खडकाचा उतार १०० चौरस मीटरचा धरा. त्यावर २०० घनमीटर, म्हणजे २ लाख लिटर पाणी पडेल. निम्मे वाया गेले तरी १ लाख लिटर हाती लागते.

आता ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि २ मीटर खोल असे टाके घ्या. त्यात १२,००० लिटर पाणी मावेल. निम्मे पाणी वाया जाते असे धरूनही ते भरायला २४० मिलिमीटर पाऊस पुरतो. जुलैतील सरासरी पाऊस पाहता हे आठ-दहा दिवसांचे काम. आणि वापर? माणशी रोज २० लिटर धरले तर पावसाळ्याबाहेरच्या २४० दिवसांत एका माणसाला ४,८०० लिटर लागतील. दोन माणसांचे ९,६०० लिटर होतात, म्हणजे थोडी गळती आणि बाष्पीभवन सोसूनही एका टाक्यावर दोन भिक्षूंचे निभते.

मुलांनी यातून एक गोष्ट आपणहून काढली. येथे पाऊस कधीच कमी नव्हता. उतारावरून १ लाख लिटर येत होते आणि ठेवायला जागा १२,००० लिटरची होती. अडचण पाणी मिळवण्याची नव्हती, ठेवण्याची होती. छिन्नी-हातोड्याने खडक पोखरून तयार केलेला प्रत्येक घनमीटर मोलाचा होता.

टाक्यावरचा लेख

मोलाचा होता म्हणूनच तो दान देण्याजोगा होता. कान्हेरीला ब्राह्मी लिपीतील पुष्कळ दानलेख आहेत. डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांनी ते एकत्रित करून १९९१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. कल्याण, सोपारा, चौल, नाशिक अशा गावांचे व्यापारी आणि कारागीर त्यांत भेटतात. कोणी लेणे दिले, कोणी पोढी दिली, कोणी शेत दिले. मंगलस्थान नावाच्या गावातील शेताचाही एका लेखात उल्लेख आहे. हे गाव म्हणजे बोरिवलीतील आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. काही दानांना 'अक्षयनीवी' म्हटले आहे. मूळ ठेव मोडायची नाही आणि तिच्या उत्पन्नातून भिक्षूंना वस्त्रे व इतर गरजेच्या वस्तू पुरवायच्या, अशी ही योजना होती. नवव्या शतकातील एका लेखात तर थेट गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेल्या भक्ताने १०० द्रम्म ठेवल्याची नोंद आहे.

यांपैकी सर्वांत गाजलेला लेख आहे लेणे क्रमांक ५ येथील एका पाण्याच्या टाक्याजवळ. सतेरक नावाच्या अमात्याने ही पोढी दिली. त्या लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख येतो. ती कार्दमक कुळातील आणि एका महाक्षत्रपाची कन्या होती. महाक्षत्रपाच्या नावाचे पहिले अक्षर 'रु' तेवढे वाचता येते, पुढचा दगड खराब झाला आहे. तो रुद्रदामन असावा, असे बहुतेक इतिहासकार मानतात.

आता हे जुनागढच्या लेखाशी जोडून पाहा. इ.स. १५० च्या त्या लेखात रुद्रदामन सांगतो की, आपण सातकर्णीला दोनदा हरवले, पण नाते जवळचे असल्याने त्याचा नाश केला नाही. ते नाते कोणते, याचा दुवा मिळतो आपल्या बोरिवलीच्या डोंगरात, पाण्याच्या टाक्यावर. आणि जुनागढचा लेख तरी कशासाठी कोरला गेला? वादळी पावसात फुटलेल्या सुदर्शन तलावाचा बांध दुरुस्त केल्याची नोंद ठेवण्यासाठी. दोन राजघराण्यांच्या संबंधाचा हा इतिहास आपल्याला पाण्याच्या दोन कामांमुळे कळला आहे. त्या मुलीचा प्रश्न आमच्या यादीबाहेरचा नव्हता. आमची यादीच त्या प्रश्नावर उभी होती.

टाकी नसलेली लेणी

पाण्यावरून आणखी एक गोष्ट कळते. २०१५-१६ मध्ये विलेपार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयातील सूरज पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जंगलाची पाहणी केली. तीत पूर्वी नोंद नसलेली सात लेणी सापडली. ती साधी आहेत आणि त्यांना पाण्याची टाकी नाहीत. यावरून ती कान्हेरीच्या मुख्य समूहाहूनही जुनी असावीत आणि तेथे भिक्षू फक्त पावसाळ्यात राहत असावेत, असा तर्क या अभ्यासकांनी मांडला.

बौद्ध भिक्षूंनी वर्षभर फिरत राहावे आणि पावसाळ्यात मात्र एका जागी थांबावे, असा नियम होता. त्यालाच वर्षावास म्हणतात. पावसात थांबणाऱ्याला छप्पर लागते, टाके लागत नाही. चारी बाजूंनी पाणीच असते. टाके लागते ते पाऊस संपल्यावरही राहणाऱ्याला. म्हणून पोढी ही कायमच्या मुक्कामाची खूण आहे. चार महिन्यांचा आसरा बारा महिन्यांचा विहार झाला, तेथे लोक शिकू लागले, शंभराहून अधिक लेणी कोरली गेली. हे सारे घडायचे तर पाण्याची सोय आधी व्हायला हवी होती.

जंगलातले अवशेष

आज आपण कान्हेरीला जंगलातील भग्नावशेष म्हणून पाहतो. हे रूप फसवे आहे. लेणी कोरली गेली तेव्हा ती सोपारा आणि कल्याण या गजबजलेल्या बाजारपेठांच्या आवाक्यात होती. प्रवासीही येत. लेणे क्रमांक ९० मध्ये पहलवी लिपीत कोरलेल्या काही नोंदी आहेत. जरथुश्त्री पाहुण्यांनी आपली नावे आणि तारखा लिहून ठेवल्या आहेत. त्या तारखा इ.स. १००९ मधील ऑक्टोबर व नोव्हेंबरच्या आणि १०२१ मधील ऑक्टोबरच्या आहेत. पाऊस थांबलेला, वाटा सुकलेल्या आणि टाकी काठोकाठ भरलेली, अशा दिवसांत ही मंडळी येथे आली होती. हजार वर्षांपूर्वीच्या सहलीचा महिना आमच्यापेक्षा शहाणपणाने निवडलेला होता.

पुढे विहार ओस पडले, रान वाढले आणि दंतकथाही वाढल्या. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोउतो याने एका धर्मगुरूची हकिकत लिहिली आहे. तो माणसे घेऊन लेण्यांच्या भुयारात शिरला आणि सात दिवस चालूनही त्याला शेवट सापडला नाही. ते भुयार खंबायतपर्यंत जाते, अशी समजूत होती. १८३९ मध्ये जेम्स बर्ड याने चैत्यासमोरचा स्तूप उकरला. त्याला रक्षापात्रे आणि त्रैकूटकांच्या २४५ या वर्षाचा, म्हणजे इ.स. ४९४ च्या सुमाराचा ताम्रपट मिळाला. दंतकथेची जागा तारखेने घेतली.

त्याच सुमारास, मे १८४० मध्ये, स्टीफन्स आणि कॅथरवुड हे दोन प्रवासी मेक्सिकोच्या जंगलात पालेंके या माया लोकांच्या नगरीत पोहोचले. तेथेही आज पर्यटक आधी अवशेष पाहतात आणि मग जवळचे मिसोल-हा व आग्वा आसूल हे धबधबे. या नगरीचे जुने नाव लाकामहा, म्हणजे 'मोठे पाणी'. तेथे पाणी अति होते, म्हणून ओटुलुम हा ओढा दगडी बांधीव मार्गातून नगराच्या मध्यातून नेला होता. उलट ग्वाटेमालातील टिकालजवळ नदी नाही. तेथील फरसबंद चौकांना तलावांच्या दिशेने उतार दिला होता. तेथील एका तलावाच्या गाळात झिओलाइट हे पाणी शुद्ध करणारे खनिज सापडल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. नवव्या शतकात ही नगरे ओस पडू लागली आणि त्यामागच्या कारणांत वारंवार पडलेले दुष्काळ मोजले जातात. त्याच शतकात कान्हेरीला अमोघवर्षाच्या काळातील दानलेख कोरले जात होते.

नळाचे पाणी

मुलांसाठी आम्ही शेवटी आणखी दोन तारखा सांगितल्या. याच डोंगरांतील विहार तलाव १८६० मध्ये पुरा झाला आणि तुळशी तलाव १८७९ मध्ये. वाढत्या मुंबईची तहान भागवण्यासाठी इंग्रजांनी निवडलेली जागा भिक्षूंनी निवडलेल्या डोंगरातच होती, आणि युक्तीही तीच: चार महिन्यांचा पाऊस अडवून बारा महिने पुरवायचा.

तेव्हा आपल्या वर्गाची सहल कान्हेरीला न्यायची असेल तर पावसाळ्यात जरूर न्या, पण जोराच्या पावसात नाल्यात कोणाला उतरू देऊ नका. जमल्यास तीच मुले मे महिन्यात पुन्हा न्या. सोबत मोजपट्टी आणि दोरी असू द्या. एका टाक्याचे तोंड आणि खोली बाहेरूनच मोजा, पाणी किती मावेल याचा अंदाज करा आणि ते किती माणसांना पुरेल ते मुलांनाच काढू द्या. आम्ही पाहिलेल्या टाक्यांपैकी काहींत गाळाबरोबर बाटल्या आणि खाऊची रिकामी पाकिटेही होती. ती मोजायला विसरू नका.

आमच्या त्या विद्यार्थिनीने सहलीच्या वहीत एवढेच लिहिले: "धबधबा म्हणजे निघून जाणारं पाणी. टाकं म्हणजे थांबलेलं पाणी. जिथे पाणी थांबलं तिथे माणसं थांबली." इतिहासाच्या वहीत ते आम्ही तसेच राहू दिले.