सहा घरं, पाच काडतुसं

जानेवारी १८७६. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातलं विचिटा हे गुरांच्या व्यापाराचं गाव. तिथल्या एका गुत्त्याच्या मागच्या खोलीत वायट अर्प हा पोलीस खुर्चीवर बसला होता. कमरेचं रिव्हॉल्व्हर घसरलं, घोडा खुर्चीवर आपटला आणि बार उडाला. गोळी त्याच्या कोटातून आरपार जाऊन भिंतीवर आदळली आणि छतातून बाहेर गेली. खोलीतली मंडळी पळत सुटली. पुढे नेमबाज म्हणून दंतकथा झालेल्या माणसाची ही गोष्ट.

चूक त्याची, की हत्याराची? त्या काळातलं सर्वांत गाजलेलं सहाबारी रिव्हॉल्व्हर पाहू. अमेरिकी लष्कराने ते १८७३ मध्ये कोल्ट कंपनीकडून घेतलं. त्याच्या घोड्यालाच काडतूस पेटवणारी टाचणी होती. घोडा खाली असला की टाचणी भरल्या काडतुसाच्या बुडाला टेके. घोडा किंचित मागे ओढून अडकवण्यासाठी एक खाच होती. हाताने लावायची सुरक्षा ती एवढीच. जोराचा मार बसला, तर खाच किंवा तिच्यात अडकलेलं चापाचं बारीक टोक मोडू शके.

म्हणून जाणत्यांनी रीत पाडली. एक काडतूस भरायचं, पुढचं घर सोडायचं, उरलेली चार भरायची. मग घोडा पूर्ण ओढून अलगद खाली आणायचा. तो रिकाम्या घरावरच टेकतो. अर्पच्या मृत्यूनंतर, १९३१ मध्ये निघालेल्या स्टुअर्ट लेकलिखित चरित्रातही पाचच काडतुसांचं कारण सुरक्षितता असंच दिलं आहे.

ही सुरक्षा पोलादात नव्हती, सवयीत होती. तशाच जुन्या रचनेची रिव्हॉल्व्हरं बनवणाऱ्या रुगर कंपनीने १९७३ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, आपली रचना बदलली. घोडा आणि टाचणी वेगळी झाली. दोहोंमध्ये एक पट्टी आली. चाप ओढलेला असेल तेव्हाच ती वर येऊन घोड्याचा घाव टाचणीपर्यंत पोचवते. जुन्या गिऱ्हाइकांनाही पुढे कंपनीने ही दुरुस्ती फुकट देऊ केली.

तरी प्रश्न संपला नाही. दुरुस्ती न झालेली जुनी हत्यारं अजून वापरात आहेत, आणि बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. आजोबांचं रिव्हॉल्व्हर नातवाकडे येतं तेव्हा त्याला सहा घरं दिसतात. त्यांतलं एक रिकामं का ठेवायचं, हे त्याला कुणीतरी शिकवावंच लागतं.